पदोन्नती स्वीकारून वर्ष होत आले, तरी सेवापुस्तकात आणि सेवार्थमध्ये जुनेच पदनाम, मार्गदर्शन हवे

लेखणी_विदर्भ (प्रश्न)

नमस्कार. मी राज्य शासनाच्या एका विभागाच्या जिल्हा कार्यालयात नोकरीस असून माझे मूळ पद लिपिक-टंकलेखक हे आहे. गेल्या दिवाळीच्या सुमारास विभागीय पदोन्नती समितीच्या शिफारशीनुसार प्रादेशिक कार्यालयाने आम्हा काही जणांचे वरिष्ठ लिपिक पदावरील पदोन्नतीचे आदेश काढले. मला पदस्थापना आहे त्याच कार्यालयात मिळाली, मी लगेच रुजू अहवाल दिला आणि आवक शाखेच्या शिक्क्याची त्याची पोच माझ्याजवळ आहे. तेव्हापासून वरिष्ठ लिपिकाचे कार्यासन मी सांभाळते आणि टिपणीवर त्याच पदनामाने स्वाक्षरी करते. असे असूनही माझ्या सेवापुस्तकात पदोन्नतीची नोंद घेतलेली नाही आणि सेवार्थ या शासनाच्या संगणकीय वेतन प्रणालीमधून निघणाऱ्या वेतन देयकात दरमहा ‘लिपिक-टंकलेखक’ असेच छापून येते.

आस्थापना शाखेचे म्हणणे असे की, आदेशात ‘तात्पुरत्या स्वरूपात’ आणि ‘न्यायालयाच्या अंतिम निर्णयाच्या अधीन राहून’ असे शब्द असल्यामुळे पदोन्नती कायम झाल्याखेरीज पदनाम बदलता येणार नाही, आणि या मुद्द्यावर त्यांनी प्रादेशिक कार्यालयाकडे मार्गदर्शन मागविले आहे. प्रादेशिक कार्यालयात चौकशी केली असता आदेश पुरेसा स्पष्ट आहे, वेगळ्या मार्गदर्शनाची गरज नाही, असे तोंडी सांगितले जाते. लेखी मात्र काहीही येत नाही.

मला १० वर्षांच्या सेवेनंतरचा आश्वासित प्रगती योजनेचा पहिला लाभ यापूर्वीच मिळालेला असल्यामुळे माझे वेतन एस-८ या वरिष्ठ लिपिकाच्याच वेतनस्तरात आहे आणि पदोन्नतीमुळे पगारात एका रुपयाचाही फरक पडत नाही. त्यामुळे ‘मग एवढी घाई कशासाठी’ असा प्रश्न मलाच विचारला जातो. परंतु आता १ जानेवारीच्या स्थितीची तात्पुरती ज्येष्ठता सूची प्रसृत झाली असून, त्यात माझे नाव लिपिक संवर्गातच दाखविले आहे. माझ्याच आदेशाने पदोन्नत झालेले अन्य जिल्ह्यांतील सहकारी मात्र वरिष्ठ लिपिकांच्या सूचीत आलेले आहेत. अशा परिस्थितीत मी नेमका कोणत्या क्रमाने आणि कोणाकडे पाठपुरावा करावा?

जुना_अधीक्षक

ताई, सेवापुस्तक आणि सेवार्थ हे दोन्ही विषय तूर्त बाजूला ठेवून सर्वप्रथम ज्येष्ठता सूचीवर लेखी हरकत दाखल करा. तात्पुरती सूची ज्या परिपत्रकासोबत येते, त्यातच हरकती देण्याची मुदत लिहिलेली असते, आणि ती मुदत टळली की सूचीत दुरुस्ती करून घेणे फार जड जाते. पदनामाची नोंद उशिरा का होईना, पण मागील दिनांकाच्या आदेशाचा हवाला देऊन घेता येते. सूची अंतिम झाल्यावर तिच्या आधारे पुढील पदोन्नती समितीची बैठक झाली आणि तुमचे नाव विचारक्षेत्रातच (पदोन्नतीसाठी विचारात घ्यायच्या नावांतच) नसले, तर मात्र मानीव दिनांकाची (पदोन्नती आधीच्या दिनांकापासून झाली असे धरण्याची) मागणी करीत बसावे लागते, आणि अशी प्रकरणे वर्षानुवर्षे रेंगाळलेली मी पाहिली आहेत. हरकतीसोबत पदोन्नती आदेशाची प्रत, रुजू अहवालाची पोच आणि सूचीचे संबंधित पान एवढे जोडले तरी पुरे. हरकत कार्यालय प्रमुखांमार्फतच द्यावी, मात्र तिची आगाऊ प्रत त्याच दिवशी प्रादेशिक कार्यालयास पाठवावी, कारण सूची तयार करणारे तेच कार्यालय आहे आणि तुमचा मूळ अर्ज वर पोहोचण्याची ते वाट पाहणार नाहीत.

आता ‘तात्पुरत्या’ या शब्दाविषयी. पदोन्नतीतील आरक्षणासंबंधीचा २५ मे २००४ चा शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने ४ ऑगस्ट २०१७ रोजी रद्द ठरविला आणि त्यावर शासनाने सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका दाखल केली. पुढे ७ मे २०२१ च्या शासन निर्णयाने पदोन्नतीच्या कोट्यातील रिक्त पदे ज्येष्ठतेनुसार भरण्यास सांगितले, तेही न्यायालयाच्या निर्णयाच्या अधीन राहूनच. त्यामुळे या काळात निघालेल्या पदोन्नती आदेशांमध्ये हे वाक्य सर्रास आढळते; ते तुमच्या एकटीच्या आदेशात घातलेले नाही. या अटीमुळे नोंद घेता येत नाही असे मानले, तर या वर्षांत पदोन्नत झालेल्या राज्यभरातील कर्मचाऱ्यांची सेवापुस्तके कोरीच ठेवावी लागतील. अट पदोन्नतीच्या भवितव्याविषयी बोलते. तुम्ही अमुक दिनांकास अमुक पदावर रुजू झालात हे घडून गेलेले आहे, आणि घडून गेलेल्या गोष्टीची नोंद ठेवण्यासाठीच सेवापुस्तक असते.

आस्थापना शाखेला एकच गोष्ट दाखवा. सेवापुस्तकाचे पान उघडले की पदाच्या नावाशेजारीच एक रकाना असतो, ज्यात ते पद कायम स्वरूपात धारण केले आहे की स्थानापन्न, आणि स्थायी आहे की तात्पुरते, हे लिहायचे असते. तात्पुरत्या पदधारणेची नोंद घ्यायचीच नसती, तर हा रकाना छापण्याचे कारणच उरले नसते. माझ्या हाताखाली आम्ही अशी नोंद पुढीलप्रमाणे घेत असू: ‘प्रादेशिक कार्यालयाचा आदेश क्रमांक अमुक, दिनांक अमुक अन्वये वरिष्ठ लिपिक या पदावर तात्पुरत्या स्वरूपात व विशेष अनुमती याचिकेच्या अंतिम निर्णयाच्या अधीन राहून पदोन्नती, दिनांक अमुक रोजी मध्यान्हपूर्व रुजू.’ त्याखाली कार्यालय प्रमुखांची साक्षांकनाची स्वाक्षरी घेतली जाई. अट जशीच्या तशी उतरवल्यामुळे कार्यालयावर कोणताही ठपका येत नाही आणि कर्मचाऱ्याचेही नुकसान होत नाही.

पगारात फरक नाही म्हणून घाई नाही, हे म्हणणे मला मुळीच पटत नाही. उलट, पैशाचा संबंध असलेली नस्ती (फाईल) कोणीतरी पुढे ढकलतेच, कारण थकबाकी वाढत जाते आणि लेखापरीक्षणात तिच्याबद्दल विचारणा होते. जिच्यात पैसा नाही ती नस्ती कपाटात राहते, आणि तिचे परिणाम निवृत्तीच्या वेळी समोर येतात. विदर्भ आणि मराठवाड्याची निवृत्तिवेतन प्रकरणे नागपूरच्या महालेखापाल कार्यालयात जातात. शेवटचे पद वरिष्ठ लिपिक किंवा त्याहून वरचे, आणि सेवापुस्तकात मधल्या पदोन्नतीचा मागमूस नाही, असे प्रकरण आक्षेप लागून परत येते. तोपर्यंत आदेश काढणारे अधिकारी आणि त्या वेळची आस्थापना शाखा यांपैकी कोणीही त्या कार्यालयात उरलेले नसते.

देयक_शाखा

वरील उत्तराशी पूर्ण सहमत आहे. सेवार्थच्या बाबतीत थोडी भर घालतो, कारण हे काम मी रोज करतो.

सेवार्थमध्ये पदनाम बदलणे म्हणजे नावापुढचा शब्द खोडून दुसरा लिहिणे नव्हे. त्या प्रणालीत प्रत्येक कर्मचारी एका मंजूर पदाला जोडलेला असतो, आणि तुम्हाला वरिष्ठ लिपिक म्हणून दाखवायचे तर आपल्या आहरण व संवितरण अधिकाऱ्यांच्या (कार्यालयाची वेतन देयके काढणाऱ्या अधिकाऱ्यांच्या) लॉगिनखाली वरिष्ठ लिपिकाचे एक पद मोकळे दिसावे लागते. ते न दिसण्याची दोन कारणे मला वारंवार आढळली आहेत. एक तर त्या पदावरून पूर्वी बदलून गेलेल्या कर्मचाऱ्यास प्रत्यक्षात कार्यमुक्त केलेले असते, पण प्रणालीत तो अजून त्याच पदावर बसलेला असतो. दुसरे असे की ते पद अस्थायी असते, त्याच्या मुदतवाढीचा शासन निर्णय निघालेला असतो, परंतु नवी मुदत प्रणालीत भरलेली नसते आणि पद संपुष्टात आल्यासारखे दिसते. दोन्ही दुरुस्त्या कार्यालयाच्या पातळीवर, संबंधित आदेश हाताशी ठेवून होण्यासारख्या आहेत.

म्हणून ‘माझे पदनाम बदला’ असे नुसते न म्हणता, ‘वरिष्ठ लिपिकाचे पद सेवार्थमध्ये रिक्त दिसते काय, नसल्यास कोणाच्या नावावर दिसते’ हे देयक शाखेला विचारा. कारण कळले की अर्धे काम होते. आस्थापना शाखा ‘तात्पुरती पदोन्नती’ हे कारण पुढे करीत आहे, पण खरी अडचण पद मोकळे न दिसण्याची असू शकते.

ज्यांना १० वर्षांचा लाभ अद्याप मिळालेला नाही आणि जे हा धागा वाचत आहेत, त्यांच्यासाठी तर हा उशीर थेट पैशाचा आहे. उदाहरणार्थ, एस-६ मध्ये २४,५०० मूळ वेतन घेणाऱ्या लिपिकास पदोन्नतीच्या वेळी आधी त्याच स्तरातील एक वेतनवाढ देऊन २५,२०० धरले जातात आणि एस-८ मध्ये तेवढा किंवा लगतचा वरचा टप्पा पाहिला जातो. तो २५,५०० हा आहे. वेतननिश्चिती पदोन्नतीच्या दिनांकापासून हवी की पुढील वेतनवाढीच्या दिनांकापासून, याचा विकल्प एक महिन्याच्या आत लेखी द्यावा लागतो. नोंद झालेली नाही म्हणून विकल्पही थांबवून ठेवू नये. तो मुदतीत द्यावा आणि पोच घ्यावी.

लेखणी_विदर्भ

दोघांचेही मनापासून आभार. हरकत कार्यालय प्रमुखांमार्फत सादर केली असून आगाऊ प्रत प्रादेशिक कार्यालयास नोंदणीकृत टपालाने पाठविली आहे. देयक शाखेत चौकशी केली, तेव्हा वरिष्ठ लिपिकाच्या पदावर अद्याप पूर्वीच्या कर्मचाऱ्याचेच नाव असल्याचे दिसले. त्यांची बदली माझ्या पदोन्नतीपूर्वीच झालेली आहे. देयक शाखेने ते दुरुस्त करण्याची तयारी दर्शविली, परंतु आस्थापना शाखेने सेवापुस्तकात नोंद घेतल्याशिवाय ते माझे नाव त्या पदास जोडणार नाहीत. म्हणजे सगळे पुन्हा त्या मार्गदर्शनाच्या पत्रावर येऊन थांबले आहे. त्या पत्राचा जावक क्रमांक मागितला असता तो मला सांगण्यात आला नाही. काही सहकारी लोकप्रतिनिधींचे पत्र आणण्याचा सल्ला देत आहेत.

पंचायत_समितीतून

मी जिल्हा परिषदेचा कर्मचारी आहे. आमच्याकडेही पदोन्नतीच्या नोंदी रखडतात, पण आमची वाट थोडी वेगळी असल्याने एक गोष्ट स्पष्ट करतो: महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचे दार राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे, जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांस त्यासाठी उच्च न्यायालयातच जावे लागते. हा धागा वाचून आमच्यापैकी कोणी न्यायाधिकरणात अर्ज करण्याच्या तयारीला लागू नये, एवढ्यासाठीच हे लिहिले.

लोकप्रतिनिधींच्या पत्राबाबत माझे मत विरुद्ध आहे. सेवाविषयक बाबीत बाहेरून दबाव आणणे वर्तणूक नियमांत बसत नाही, आणि तुमची बाजू स्वच्छ असताना असे पत्र नस्तीत लागले तर तेवढाच एक मुद्दा समोरच्याच्या हाती जातो.

सेवाविषयक_वकील

ताईंच्या प्रकरणात तारखांना फार महत्त्व आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

राज्यात शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध करणारा २००५ चा अधिनियम आहे. बदल्यांचा कायदा म्हणून तो सर्वांना ठाऊक असतो, पण त्याचे दुसरे अंग फारसे वाचले जात नाही. त्याच्या कलम १० नुसार सर्वसाधारणपणे कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे ७ कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ प्रलंबित राहता कामा नये. दुसऱ्या विभागाकडे पाठविण्याची गरज नसलेल्या नस्तीवर ४५ दिवसांत, तर तशी गरज असलेल्या नस्तीवर ३ महिन्यांत निर्णय आणि आवश्यक कार्यवाही व्हावी, असे त्यात म्हटले आहे. हेतुपुरस्सर विलंब किंवा हयगय झाल्यास शिस्तभंगाच्या कारवाईची तरतूदही त्याच कलमात आहे. न्यायप्रविष्ट बाबींना यातून सूट आहे, आणि तुमचे कार्यालय कदाचित तिचाच आधार घेईल. परंतु न्यायालयासमोर आहे तो पदोन्नतीतील आरक्षणाचा प्रश्न, तुमच्या सेवापुस्तकातील नोंद न्यायालयासमोर नाही. हा फरक अर्जात एका वाक्यात अवश्य मांडावा.

मार्गदर्शनाचे पत्र खरोखर गेले आहे काय, हे जाणून घेण्याचा सरळ मार्ग माहिती अधिकाराचा आहे. आपल्या राज्याच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा, शुल्क १० रुपये. ‘नोंद का घेतली नाही’ असा प्रश्न विचारू नका, कारण कारणमीमांसा देण्यास माहिती अधिकारी बांधील नसतो, अभिलेख मागा. स्वतःच्या पदोन्नतीच्या नस्तीतील टिपणी भागाच्या प्रती, प्रादेशिक कार्यालयास पाठविलेल्या पत्राची जावक क्रमांकासह प्रत आणि त्यावर आलेले उत्तर, एवढेच मागावे. ही माहिती तुमच्या स्वतःच्या सेवेविषयीची असल्याने त्रयस्थ व्यक्तीच्या खासगीपणाची हरकत तिला लागू होत नाही. सहकाऱ्यांच्या सेवापुस्तकांच्या प्रती मात्र मागू नयेत, त्या नाकारल्या जाण्याचीच शक्यता अधिक. ३० दिवसांत माहिती न आल्यास पुढील ३० दिवसांत पहिले अपील करता येते.

आता न्यायाधिकरण. प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, १९८५ नुसार आधी विभागात अभिवेदन (लेखी निवेदन) द्यावे लागते, आणि त्यावर ६ महिन्यांत अंतिम आदेश झाला नाही तर त्यानंतरच्या १ वर्षात न्यायाधिकरणात मूळ अर्ज दाखल करता येतो. येथेच अनेक जण फसतात. उत्तर येत नाही म्हणून ते स्मरणपत्रांमागून स्मरणपत्रे देत राहतात आणि प्रत्येक पत्रापासून नवी मुदत सुरू होते असे समजतात. वारंवार दिलेल्या अर्जांनी मुदत वाढत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे. म्हणून एकच अभिवेदन द्या, ते पूर्ण आणि दिनांकित असू द्या, त्याची पोच सांभाळा आणि त्याच दिनांकापासून मुदत मोजा. तुम्हाला नागपूर खंडपीठ जवळचे आहे. तिथपर्यंत जाण्याची वेळ येईल असे मला वाटत नाही, पण मुदत हातची जाऊ देऊ नये.

हरकतीवर निर्णय न देताच सूची अंतिम झाली, तर ते स्वतंत्र वादाचे कारण ठरेल. ती सूची हाती पडल्यावर वाट पाहू नका.

लेखणी_विदर्भ

वकीलसाहेब, आपले उत्तर वाचून आज माहिती अधिकाराचा अर्ज दिला. आता अभिवेदन लिहायला बसले आहे, परंतु त्यात नेमके किती आणि कसे लिहावे, हे उमजत नाही. मनात साचलेले सर्व लिहिले तर ते तक्रारीसारखे वाटेल, आणि फारच थोडके लिहिले तर त्याचीही दखल घेतली जाणार नाही, अशी भीती वाटते. शिवाय माझे मूळ सेवापुस्तक सध्या वेतन पडताळणी पथकाकडे असल्याचे आजच कळले, त्यामुळे नोंद घ्यायची कशात, असे नवे उत्तर मिळण्याचीही शक्यता आहे.

जुना_अधीक्षक

अभिवेदन एका पानाचे असावे. ज्या अधिकाऱ्यांकडे ते जाईल, त्यांना ते वाचून त्याच समासात शेरा मारता आला पाहिजे. कोण काय म्हणाले, कोणी टाळले, हे त्यात आणू नका. ते खरे असले तरी त्यावर आदेश करता येत नाही. मजकूर असा ठेवावा:

‘विषय : वरिष्ठ लिपिक पदावरील पदोन्नतीची सेवापुस्तकात नोंद घेणे व सेवार्थ प्रणालीत पदनाम अद्ययावत करणे याबाबत.

संदर्भ : प्रादेशिक कार्यालयाचा आदेश क्रमांक अमुक, दिनांक अमुक.

महोदय, उपरोक्त आदेशान्वये माझी वरिष्ठ लिपिक या पदावर पदोन्नती झाली असून मी दिनांक अमुक रोजी मध्यान्हपूर्व रुजू झाले आहे व तेव्हापासून सदर पदाचे कामकाज पाहत आहे. आदेशातील न्यायालयीन निर्णयाच्या अधीनतेची अट मला मान्य आहे व ती अट नमूद करूनच नोंद घेण्यास माझी हरकत नाही. सर्वोच्च न्यायालयातील विशेष अनुमती याचिकेत माझ्या सेवापुस्तकातील नोंदीस कोणतीही स्थगिती नाही. नोंद नसल्यामुळे तात्पुरत्या ज्येष्ठता सूचीत माझे नाव मूळ संवर्गात दर्शविले गेले आहे, त्यावर मी स्वतंत्रपणे हरकत सादर केली आहे. तरी आदेशानुसार नोंद घेऊन साक्षांकित करण्यात यावी, सेवार्थमध्ये पदनाम अद्ययावत करण्यात यावे, आणि तसे करणे शक्य नसल्यास त्याची कारणे मला लेखी कळविण्यात यावीत, ही विनंती.’

यातील शेवटची विनंती गाळू नका. कारणे लेखी द्यायची म्हटली की ती नस्ती कार्यालय प्रमुखांसमोर जावीच लागते, आणि ‘आदेश तात्पुरता आहे’ या कारणाखाली स्वतःची स्वाक्षरी करण्यापूर्वी ते ती नीट वाचतील. अट मान्य असल्याचे वाक्यही महत्त्वाचे आहे. पुढे न्यायालयाचा निर्णय विरुद्ध गेला तर जबाबदारी आपल्यावर येईल, अशी आस्थापना शाखेला वाटणारी धास्ती मी निराधार म्हणणार नाही. वसुलीच्या आणि चौकशीच्या नोटिसा त्या टेबलवर काम करणाऱ्यांनी पाहिलेल्या असतात. तुम्ही अट मान्य केल्याचे लेखी दिलेत की त्यांचीही काळजी बऱ्याच अंशी मिटते.

सेवापुस्तक पथकाकडे असल्याची अडचण वाटते तितकी मोठी नाही. प्रत्येक कर्मचाऱ्याचे दुय्यम सेवापुस्तक असते, आणि ते तुमच्याकडे असायला हवे. अभिवेदन द्यायला जाल तेव्हा ते सोबत न्या, त्यात नोंद घेऊन कार्यालय प्रमुखांचे साक्षांकन मिळावे अशी विनंती करा, आणि त्याची एक छायांकित प्रत देयक शाखेस द्या, म्हणजे त्यांना तुमचे नाव नव्या पदास जोडण्यासाठी थांबून राहावे लागणार नाही. मूळ पुस्तक पथकाकडून परत आले की तीच नोंद त्याच शब्दांत, आदेशाच्या त्याच क्रमांकासह तिथे उतरवून घ्या आणि दोन्ही पाने शेजारी ठेवून तपासा.